वाळता वाळता वाकलेला मनोरा

टेकडीवर मनोरा उभारताना खरी कटकट मनोऱ्याची नसते, टेकडीची असते. रस्ता अरुंद, क्रेन उभी करायला सपाटी नाही, वारा कधी उठेल याचा भरवसा नाही. म्हणून हल्ली युरोपातले बरेच लाकडी टेहळणी मनोरे खाली कारखान्यात घडतात आणि वर नेऊन नुसते जोडले जातात. एकेक भाग किती लांब करायचा, हे आर्किटेक्टच्या आधी ट्रेलर आणि घाटातलं वळण ठरवतं.

ऑस्ट्रियात पिरामिडेनकोगेल डोंगरावर 1968 सालचा काँक्रीटचा मनोरा होता. 2012 मध्ये तो सुरुंग लावून पाडला आणि पुढच्याच वर्षी तिथे लाकूड-पोलादाचा नवा मनोरा खुला झाला. उंची अँटेनासकट 100 मीटर. लार्च लाकडाचे 16 वाकडे खांब पिळासारखे वर चढत जातात. स्वित्झर्लंडच्या लोझानमधला अभियंते यूलियुस नाटरर यांचा 2003 चा सोव्हाबलँ मनोरा जेमतेम 35 मीटरचा, पण मला तो अधिक शहाणा वाटतो. लाकूड शहराच्याच जंगलातलं, आणि एकमेकांत गुंतलेले दोन जिने. चढणारा उतरणाऱ्याच्या वाटेत येतच नाही.

पण या लेखाचा खरा नायक उंचीने या दोघांच्या जवळपासही नाही. जर्मनीत स्टुटगार्टजवळ रेम्स नदीच्या खोऱ्यात 2019 साली उद्यान-प्रदर्शन भरलं. खोऱ्यातल्या 16 गावा-शहरांनी एकेक छोटी वास्तू उभारली. उर्बाख गावाच्या वाट्याला आला 14 मीटरचा मनोरा. स्टुटगार्ट विद्यापीठातले आखिम मेंगेस आणि यान क्निपर्स यांच्या संस्थांनी तो आखला. लाकडाच्या अभ्यासात झुरिकचं ईटीएच विद्यापीठ आणि एम्पा ही संशोधन संस्था होती, तर घडवला स्वित्झर्लंडच्या ब्लूमर-लेमान या सुतारकामाच्या कंपनीने.

लाकूड ओलावा पितं आणि सोडतं, हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. पावसात दार चौकटीत घट्ट बसतं, सुतार येऊन रंधा मारतो आणि माघात तेच दार खुळखुळतं. यात मेख अशी, की लाकूड आक्रसतं ते रेषांच्या आडव्या दिशेने. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही. म्हणून दोन थर रेषा काटकोनात ठेवून एकमेकांना चिकटवले आणि मग वाळवले, तर एक आक्रसू पाहतो, दुसरा त्याला धरून ठेवतो. शेवटी सबंध फळी बाक घेते. सुताराच्या लेखी हा दोष. उर्बाखमध्ये तो मुद्दाम मागून घेतला.

स्प्रूस लाकडाच्या 30 मिलिमीटर आणि 10 मिलिमीटर जाडीच्या थरांच्या सपाट, ओलसर फळ्या नेहमीच्या वाळवणी-भट्टीत गेल्या. ओलावा सुमारे 22 टक्क्यांवरून 12 वर आला आणि फळ्या वाकून बाहेर पडल्या, 2.4 मीटर त्रिज्येच्या बाकात. दाबयंत्र नाही, साचा नाही. एरवी इतका बाक हवा तर पातळ पट्ट्या साच्यावर दाबून चिकटवाव्या लागतात. बाक जितका तीव्र तितक्या पट्ट्या पातळ, आणि तितका गोंद जास्त. इथे मेहनत वाकवण्यात गेली नाही, आधी हिशेब मांडण्यात गेली: कोणत्या फळीत किती ओलावा, रेषा कोणत्या कोनात, किती वाळवल्यावर किती बाक.

मग पाऊस लागला की फळी परत सरळ होणार का? नाही. वाकलेल्या फळ्या एकमेकींवर चिकटवून बाक कायमचा बांधून टाकला. त्यावर पाणी अडवणारा थर आणि बाहेरून लार्चचं आवरण. अशा 12 भागांचा हा मनोरा, भिंतीची जाडी अवघी 90 मिलिमीटर. उंचीशी प्रमाण काढलं तर साधारण 160 ला 1. ही हिंमत सपाट फळीच्या अंगात नसते, बाकामुळे येते.

तीन-तीन भागांचे गट कारखान्यातच जोडून टेकडीवर आले आणि चार कारागिरांनी एका दिवसात मनोरा उभा केला. या एका दिवसाचं फार कौतुक झालं. मला ते थोडं फसवं वाटतं, कारण त्या दिवसामागे काही वर्षांचं संशोधन आणि भट्टीतला मुक्काम आहे. वेळ वाचला नाही, टेकडीवरून कारखान्यात हलवला. टेकडीवर लांबलचक परांची लागली नाही, हे मात्र निर्विवाद.

उणीवही आहे. उर्बाखच्या मनोऱ्यावर चढता येत नाही. आत शिरायचं आणि तिथून खोरं पाहायचं. माणसांचं ओझं, जिन्यावरच्या पावलांची थरथर, गर्दीने एका बाजूला झुकलेला भार या परीक्षा त्याने दिल्याच नाहीत. त्या दिल्या पुढच्या मनोऱ्याने, 2024 मध्ये, दक्षिण जर्मनीतल्या वांगेन शहराच्या उद्यान-प्रदर्शनात. त्याच मंडळींनी तसेच वाळवून वाकवलेले भाग वापरून वीस मीटरपेक्षा उंच मनोरा उभारला, आणि त्याच्या माथ्यापर्यंत जिना नेला.