छप्पर दिसतं, दवाखाना दिसत नाही

स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही भर घालता येईल असा खुला नकाशा सुरू केला, तेव्हा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेकडे देशाचे उत्तम नकाशे होते. पण त्यातली माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत, अटीही पाळाव्या लागत. मग हौशी माणसांनी जीपीएस यंत्र घेऊन, सायकलवरून गल्लीबोळ पालथे घातले आणि रस्ते स्वतःच काढले. एवढ्यावर जग भरलं नसतं. वेग आला तो आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांमुळे. २००६च्या अखेरीस याहूने आणि २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली छायाचित्रं गिरवायला मुभा दिली. अमेरिकेचे रस्ते तर तिथल्या जनगणना खात्याच्या माहितीवरून आयतेच आले. २०१६पर्यंत जगातले सुमारे ८३ टक्के रस्ते या नकाशात आले होते, असा अंदाज बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या अभ्यासकांनी मांडला. बिनपगारी माणसांनी बारा वर्षांत एवढं उभं करावं, याचं मला अपार कौतुक आहे. पण ही टक्केवारी रेषांची आहे, आणि नुसत्या रेषांनी गाव कळत नाही.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे मोजके मोठे रस्ते सोडले तर या नकाशात फारसं काहीच नव्हतं. उपग्रहांची ताजी छायाचित्रं खुली होताच जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी काही दिवसांत गल्ल्या, कोसळलेल्या इमारती, तंबूंच्या वसाहती काढल्या. बचावपथकांनी तो नकाशा जीपीएस यंत्रांत उतरवून घेतला. घरबसल्या केलेल्या या कामाचं मोल कमी लेखू नये. मात्र छायाचित्रात छप्पर दिसतं. त्याखाली दवाखाना आहे की गोदाम, हे दिसत नाही. गल्लीला लोक काय म्हणतात, पिण्याचं पाणी कुठे मिळतं, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. म्हणूनच पुढे हैतीतल्या तरुणांना हे काम शिकवावं लागलं.

कोणीही बदल करू शकतो, मग भरवसा काय ठेवायचा, असं विचारलं जातं. लंडनच्या मुकी हाकले यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशाशी ताडून पाहिला. जागेतला फरक सरासरी सहा मीटरच्या आसपास निघाला. पण गरीब वस्त्यांचं काम मागे पडल्याचंही त्यांनीच दाखवलं, आणि खरा आक्षेप हा आहे. २०२३मधल्या एका अभ्यासानुसार जगातली जवळपास निम्मी शहरी लोकसंख्या अशा शहरांत राहते, जिथल्या २० टक्के इमारतीही नकाशात नव्हत्या. आता यंत्रच छायाचित्रं वाचून घरं काढेल, असं कोणी म्हणेल. काढू दे, रेषांचं काम तेवढं हलकं होईल. पण त्या घराचं नाव आणि उपयोग नोंदवणारं, चुका दुरुस्त करणारं माणूस त्याच वस्तीत हवं.

नेपाळने हे आधीच करून ठेवलं होतं. काठमांडूतल्या तरुणांनी आपल्या खोऱ्यातल्या शाळा आणि रुग्णालयं प्रत्यक्ष फिरून नोंदवली होती. ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ ही संस्था त्याच कामातून उभी राहिली. एप्रिल २०१५मध्ये भूकंप झाला तेव्हा बाहेरच्या हजारो स्वयंसेवकांना कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागली नाही, आणि कुठला भाग आधी काढायचा हे सांगणारी माणसं काठमांडूतच होती.