लागणीच्या तारखेचा शोध

मांजरी बुद्रुक म्हटलं की ऊसवाल्या माणसाला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आठवते. सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावानं ती उभी केली आणि १९८९ मध्ये, वसंतदादा पाटील गेल्यावर, तिला त्यांचं नाव दिलं. उसाची जात, माती, रस, उतारा यांवरच्या तिथल्या कामाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. या लेखाचा विषय त्याच धंद्यातला, पण संगणकावरचा: १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात लागण झालेले प्लॉट कोणते, हे झटकन कसं काढायचं?

गाळप हंगामाच्या तोंडावर कारखान्याचा शेतकी विभाग याच प्रश्नावर तोडणी कार्यक्रम बसवतो. महाराष्ट्रात लागणीचे तीन हंगाम. आडसाली साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरू १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी. सुरू ऊस वर्षभरात तोडणीला येतो, आडसालीला सोळा-अठरा महिने लागतात. कोवळा ऊस तोडला तर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, पडतो. फार उशीर झाला तर तुरा येतो, वजन घटतं. म्हणून क्रमपाळीत लागणीच्या तारखेला एवढा मान, आणि ती डावलली गेली की गट ऑफिसात भांडण.

वस्तुनिष्ठ प्रोग्रॅमिंगमध्ये प्रत्येक प्लॉटची नोंद हा एक ऑब्जेक्ट: गट नंबर, जात, क्षेत्र, तारीख. हे ऑब्जेक्ट डिक्शनरीत ठेवतात. तारीख ही किल्ली आणि त्या तारखेच्या नोंदींची यादी हे मूल्य. यादीच लागते, कारण एका दिवशी अनेकांच्या लागणी होतात. एका किल्लीला एकच नोंद ठेवली तर दुसरा शेतकरी पहिल्याला पुसून टाकतो.

नेहमीची डिक्शनरी किल्लीवरून एक आकडा काढते आणि त्यावरून नोंदीची जागा ठरवते. याला हॅशिंग म्हणतात. २० जुलैच्या नोंदी मागा, क्षणात हातात. पण २० आणि २१ जुलै तिथे शेजारी असतीलच असं नाही. पायथॉन २०१८ पासून नोंदी घातल्या त्या क्रमानं ठेवण्याची हमी देते, पण तो नोंदणीचा क्रम झाला, तारखांचा नव्हे.

मग आडसालीचा काळ कसा काढायचा? दोन्ही टोकं धरून ३२ दिवस होतात. किल्ली निव्वळ दिवसाची असेल तर ३२ वेळा विचारावं. यात काही वावगं नाही. किल्लीत तास-मिनिटं आली की तेच ४६,०८० वेळा विचारावं लागतं.

किल्ल्या क्रमानं लावल्या की चित्र बदलतं. ४०,००० किल्ल्यांतून मधोमध बघायचं, निम्मी बाजू सोडायची, असं करत फार तर १६ तुलनांत आरंभाची जागा सापडते. तिथून काळ संपेपर्यंत पुढे चालायचं. पायथॉनचं बायसेक्ट मोड्यूल हेच करतं. रोज नवी भर पडत असेल तर यादी सरकवत बसण्यापेक्षा समतोल झाड बरं. अदेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी १९६२ साली असं पहिलं झाड मांडलं. जावाचा ट्रीमॅप याच कुळातला, आणि त्याच्या सबमॅपला दोन तारखा दिल्या की मधला तुकडा मिळतो. सी-शार्पच्या सॉर्टेडडिक्शनरीत मात्र क्रम असूनही अशी सोय नाही; निवड करताना हे ध्यानात घ्यावं.

तारीख मजकूर म्हणून साठवणं हा नेहमीचा घोटाळा. दिवस आधी लिहिला तर ‘०५-०८-२०२४’ ही ‘१५-०७-२०२४’ च्या आधी लागते आणि ऑगस्टची लागण जुलैच्या पुढे घुसते. वर्ष, महिना, दिवस हा आयएसओ ८६०१ चा क्रम ठेवला, किंवा खरा तारीख-प्रकार वापरला, तर हे टळतं.

खोडव्यापाशी मात्र वस्तुनिष्ठ विचाराचा खरा कस लागतो, आणि मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. लागणीच्या उसाचं वय लागणीपासून धरतात, खोडव्याचं, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाचं, आधीच्या तोडणीपासून. प्रोग्रॅममध्ये जागोजागी ‘खोडवा असेल तर’ असं लिहीत गेलं की एखादी जागा राहतेच, आणि कुणाची तरी पाळी महिनोन्‌महिने सरकते. त्यापेक्षा लागण आणि खोडवा हे एकाच मूळ वर्गाचे दोन उपवर्ग करावेत आणि वय कधीपासून मोजायचं ते प्रत्येकानं आपलं आपण सांगावं. शोधणाऱ्याला तो फरक कळण्याचीही गरज उरत नाही.

त्याच प्लॉटचा ऊस कारखान्यावर पोचला की दुसरी तारीख चालू होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पुरवठ्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के दरानं व्याज. त्यासाठी पुरवठ्याच्या तारखेची वेगळी क्रमवार डिक्शनरी हवी. आतले ऑब्जेक्ट तेच, किल्ली निराळी. चौदावा दिवस मुदतीच्या आत की बाहेर, हे ऑब्जेक्टच्या एकाच मेथडमध्ये, एकदाच लिहावं.

शेतकऱ्यानं हरकत घेतली आणि लागणीची तारीख दुरुस्त करायची ठरली, तर ऑब्जेक्टमधला आकडा नुसता बदलून भागत नाही. आधी जुन्या किल्लीखालून नोंद काढायची, तारीख बदलायची, मग नव्या किल्लीखाली घालायची. नाहीतर ती नोंद जुन्याच जागी पडून राहते आणि नव्या तारखेनं शोधणाऱ्या शेतकी अधिकाऱ्याला तो प्लॉट दिसत नाही.