आभाळातली पागडी

उपग्रहांच्या धंद्यातली अलीकडच्या काळातली एक मोठी कमाई उपग्रहाने केलेली नाही. 2020 साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, उपग्रह कंपन्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला. 3.7 ते 4.2 गिगाहर्ट्झ या सी-बँडच्या पट्ट्यातला खालचा भाग 5जी मोबाइलसाठी हवा आहे. तो 2023 च्या अखेरीपर्यंत खाली करून द्या, हलण्याचा खर्च मिळेलच, वर लवकर हलल्याबद्दल बक्षीसही मिळेल. इंटेलसॅट या कंपनीच्या वाट्याला यातून 487 कोटी डॉलर आले. त्या सुमारास तिची वर्षाची उलाढाल होती दोनशे कोटींच्या आसपास. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ पन्नासेक उपग्रह चालवून जेवढी विक्री होते, त्यापेक्षा जास्त रक्कम नुसते सरकून बसण्याबद्दल.

मुंबईत पागडीच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्याने राहिलेल्या कुटुंबाला खोली सोडण्यासाठी बिल्डर घसघशीत रक्कम मोजतो, तसाच हा व्यवहार. फरक एवढाच, की या भाडेकरूने खोलीत शिरतानाही काही मोजले नव्हते. अमेरिकेत सी-बँड वापरण्याचे परवाने उपग्रह कंपन्यांना लिलावात घ्यावे लागले नव्हते. त्याच पट्ट्याचा मोबाइल कंपन्यांसाठी लिलाव झाला, तेव्हा 8,100 कोटी डॉलर जमले.

उपग्रह दळणवळणाच्या धंद्याचे पुढे काय होणार, हे समजून घ्यायचे तर इंटेलसॅटची कुंडली मांडणे सोपे पडते. कारण या धंद्यात जे जे घडले ते तिच्या बाबतीतही घडले: सरकारी बाळपण, मक्तेदारी, स्पर्धा, खासगीकरण, कर्ज, दिवाळे आणि शेवटी दुसऱ्याच्या घरी नांदायला जाणे.

जन्म 20 ऑगस्ट 1964 चा. केनेडींनी 1962 मध्ये सही केलेल्या कायद्यातून अमेरिकेत कॉमसॅट ही कंपनी उभी राहिली होती. तिच्या पुढाकाराने अकरा देश एकत्र आले आणि एक आंतरराष्ट्रीय सहकारी संस्था म्हणावी अशी रचना झाली. जो देश जेवढा वापर करील तेवढा त्याचा हिस्सा, तेवढे त्याचे भांडवल. सुरुवातीला 61 टक्के कॉमसॅटचेच होते, त्यामुळे 'सहकार' या शब्दाकडे थोडे हसून पाहावे लागते. सहकारी संस्थेत अध्यक्ष कोण होणार हे निवडणुकीआधी ठरलेले असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पहिला उपग्रह 'अर्ली बर्ड' 6 एप्रिल 1965 रोजी सुटला. ह्यूज कंपनीच्या हॅरल्ड रोझेन यांच्या चमूने बनवलेला. कक्षेतले वजन पस्तीस किलोच्या आत. विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, की त्याची प्रदक्षिणा पृथ्वीच्या गिरकीशी जुळते आणि जमिनीवरून तो एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो: हा भूस्थिर उपग्रह. आर्थर क्लार्क यांनी 1945 मध्येच एका लेखात या कक्षेचा उपयोग सांगितला होता. अर्ली बर्डवर एकाच वेळी 240 टेलिफोन संभाषणे चालत, किंवा ती सगळी थांबवून एक टीव्ही चॅनेल. 1956 मध्ये अटलांटिकखालून टाकलेल्या पहिल्या टेलिफोन केबलवर सुरुवातीला 36 संभाषणे होत असत, हे लक्षात घेतले म्हणजे 240 चा अर्थ कळतो. दीड वर्षासाठी बनवलेला हा उपग्रह जवळजवळ चार वर्षे कामात राहिला.

जुलै 1969 मध्ये हिंदी महासागरावरचा उपग्रह सुरू झाला आणि जगाला वेढा पूर्ण झाला. अगदी वेळेवर, कारण त्याच महिन्यात चंद्रावर माणूस उतरला आणि सुमारे 60 कोटी लोकांनी ते पाहिले असे मानले जाते. भारतात मात्र ते थेट दाखवायला तेव्हा साधन नव्हते. ते आले 1971 मध्ये, जुन्नर तालुक्यात.

नारायणगावजवळचे आर्वी. मुंबईच्या गजबजाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला, म्हणजे मायक्रोवेव्हचा उपद्रव कमी. तिथे 29.7 मीटर व्यासाची अँटेना उभी राहिली आणि हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅटशी बोलू लागली. त्याआधी मुंबईहून परदेशी फोन जायचा तो शॉर्टवेव्ह रेडिओवरून. वातावरणाच्या वरच्या थराची मर्जी असेल तर आवाज पोचायचा, नाही तर खरखर. काम विक्रम साराभाईंच्या देखरेखीखाली भारतीय अभियंत्यांनी केले. साराभाई 30 डिसेंबर 1971 रोजी गेले आणि केंद्राला त्यांचे नाव मिळाले: विक्रम अर्थ स्टेशन. पुढे त्याच भागात खोडदच्या परिसरात जीएमआरटीच्या तीस रेडिओ दुर्बिणी आल्या. रेडिओची शांतता हे जुन्नरचे एक पीकच म्हणायचे, ज्याचा बाजारभाव कुठल्याच मार्केट यार्डात लागत नाही.

आर्वीचा मालक होता सरकारी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस, 1986 पासून विदेश संचार निगम, 2002 पासून टाटा. इंटेलसॅटचे सगळे भागीदार असेच: आपापल्या देशाची टेलिफोन खाती. ग्राहक तेच, मालक तेच. दर ठरवताना घासाघीस कोण करणार? या आरामात संस्था वीस वर्षे वाढली, आणि त्याच सवयीने तिने काही गोष्टी अशा केल्या की आजच्या ताळेबंदात त्या बसणारच नाहीत.

त्यातली एक सांगायलाच हवी. मार्च 1990 मध्ये इंटेलसॅट 603 खालच्याच कक्षेत अडकला. टायटन रॉकेटपासून तो नीट सुटलाच नाही. दोन वर्षांनी नासाचे नवे कोरे यान 'एंडेव्हर' त्याला सोडवायला गेले. पियरे थुओट यांनी खास बनवलेला दांडा उपग्रहाला अडकवायचा प्रयत्न केला. उपग्रह सरकला, डगमगू लागला. दुसऱ्या दिवशी तेच. तलावात केलेल्या सरावात दांडा बसत होता, कारण पाण्यात वस्तू इतक्या हलक्या धक्क्याने निसटत नाही. शेवटी 13 मे 1992 रोजी थुओट, रिचर्ड हीब आणि थॉमस एकर्स असे तिघे बाहेर पडले. तिघांनी यानाच्या मालखान्यात तीन बाजूंना पाय रोवले, चार टनांचे ते फिरते धूड हळूहळू जवळ येऊ दिले आणि हातमोजे घातलेल्या हातांनी धरले. एका वेळी तीन माणसे यानाबाहेर, हे त्याआधी कधी घडले नव्हते. साडेआठ तासांच्या आत दांडा बसला, नवी मोटर जोडली गेली आणि उपग्रह पुढे आपल्या जागी पोचून कामाला लागला.

धंद्याला खरा धक्का 1988 मध्ये दोन बाजूंनी बसला होता. डिसेंबरात अटलांटिकखाली पहिली फायबर केबल सुरू झाली, चाळीस हजार संभाषणांची. टेलिफोनच्या धंद्यात उपग्रहाचे दिवस तिथेच भरले. आज समुद्रापारची जवळजवळ सगळी माहिती केबलनेच जाते. आणि जूनमध्ये पॅनॅमसॅट या खासगी कंपनीचा पहिला उपग्रह वर गेला. तिचे संस्थापक रेने अँसेल्मो स्पॅनिश टीव्हीच्या धंद्यातले, तोंडाने फटकळ. इंटेलसॅटच्या मक्तेदारीविरुद्ध ते पानभर जाहिराती देत आणि त्यात त्यांचा 'स्पॉट' नावाचा कुत्रा नोकरशाहीविषयीचे मत तंगडी वर करून व्यक्त करीत असे.

टेलिफोन गेला तरी टीव्हीने तारले. एका ठिकाणाहून लाखो ठिकाणी एकच गोष्ट पाठवायची असेल तर उपग्रहासारखे स्वस्त साधन नाही. आपल्याकडच्या केबलवाल्याच्या गच्चीवरची मोठी छत्री सी-बँडचीच असते, कारण ऐन पावसात कू-बँड दगा देतो आणि सी-बँड तग धरतो. पण या धंद्याची गोम अशी, की सगळा पैसा आधी घालावा लागतो. उपग्रह, प्रक्षेपण आणि विमा मिळून पंचवीस-तीस कोटी डॉलर सहज जातात. मग पंधरा वर्षे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे संदेश घेऊन परत पाठवणारी यंत्रे, भाड्याने देत बसायचे. वर जाऊन बिघडला तर मेकॅनिक नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये इंटेलसॅट 33ई हिंदी महासागरावर अक्षरशः फुटला. आठ वर्षांचाच होता आणि त्याचा विमाही नव्हता.

पंधरा वर्षे ठरलेले भाडे येणार, हे दिसले की कर्ज देणारे येतात. 18 जुलै 2001 रोजी इंटेलसॅट खासगी कंपनी झाली. 2005 मध्ये चार गुंतवणूक कंपन्यांनी ती घेतली, 2006 मध्ये तिने त्याच पॅनॅमसॅटला 320 कोटी डॉलरना विकत घेतले, 2008 मध्ये बीसी पार्टनर्सने तिला. प्रत्येक वेळी खरेदीचा बराचसा पैसा कर्जाचा, आणि ते कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर. 2020 पर्यंत आकडा दीड हजार कोटी डॉलरच्या घरात गेला. मला हा भाग या कथेतला सर्वांत कमी अपरिहार्य वाटतो. तंत्रज्ञान बदलले, स्पर्धा आली, हे खरे. पण तेवढ्याने धंदा फक्त आक्रसला असता. दिवाळे व्याजाने काढले.

सी-बँडची शक्कल याच कर्जातून सुचली. इंटेलसॅट आणि तिची मोठी प्रतिस्पर्धी, लक्झेंबर्गची एसईएस, यांना हा पट्टा स्वतःच मोबाइल कंपन्यांना विकायचा होता. एफसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष अजित पै यांनी नोव्हेंबर 2019 मध्ये लिलाव सरकारच करणार असे जाहीर केले आणि इंटेलसॅटचा शेअर कोसळला. जे मिळाले ते मागितल्यापेक्षा कितीतरी कमी होते. ते मिळवण्यासाठी आधी नवे उपग्रह मागवायला हवे होते आणि हातात पैसा नव्हता. 13 मे 2020 रोजी कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. फेब्रुवारी 2022 मध्ये बाहेर आली तेव्हा कर्ज निम्म्याखाली आले होते आणि कर्ज देणारेच मालक झाले होते. दरम्यान एसईएसने तिच्यावर 180 कोटी डॉलरचा दावा लावला: मिळणारी रक्कम अर्धी-अर्धी वाटायचे ठरले होते, असे म्हणत.

हे चालू असताना खाली, 550 किलोमीटरवर, वेगळाच कारखाना सुरू झाला होता. मे 2019 मध्ये स्पेसएक्सच्या स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे पहिले साठ उपग्रह एका फटक्यात गेले; आज ते हजारोंनी आहेत आणि 2025 मध्ये ग्राहक सत्तर लाखांच्या पुढे गेले. भूस्थिर उपग्रहाशी बोलताना प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो, टीव्हीला त्याचे काही नाही, इंटरनेटला आहे. शिवाय उपग्रह आपला, रॉकेट आपले, तेही परत वापरायचे. भूस्थिर उपग्रहांच्या व्यापारी ऑर्डरी पूर्वी वर्षाला वीस-पंचवीस असत. त्या एकआकडी झाल्या. जुना माल ताणून वापरणे सुरू झाले. फेब्रुवारी 2020 मध्ये नॉर्थरॉप ग्रुमनचे एक वाहन एकोणीस वर्षांच्या इंटेलसॅट 901 ला मागून चिकटले आणि पाच वर्षे त्याला जागेवर धरून राहिले.

बाकीच्यांनी एकमेकांचे हात धरले. 2023 मध्ये व्हायासॅटने इनमारसॅट घेतली, युटेलसॅट आणि वनवेब एकत्र आल्या. वनवेबला दिवाळ्यातून काढणाऱ्यांत आपले सुनील मित्तल होते. आणि 17 जुलै 2025 रोजी एसईएसने इंटेलसॅट घेतली, 310 कोटी डॉलरना. पट्टा खाली करण्याबद्दल जे मिळाले होते त्याहून कमी रकमेत कंपनीचे सगळे भागभांडवल गेले. करारात एक पुरवणी मात्र आहे: सी-बँडचा उरलेला भाग पुढेमागे विकला गेला, तर त्यातला हिस्सा इंटेलसॅटच्या जुन्या भागधारकांना मिळायचा. त्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसने वरच्या सी-बँडमधले किमान 100 मेगाहर्ट्झ लिलावात काढण्याचा कायदा केला. डिश नेटवर्कवाल्या इकोस्टारने सप्टेंबरात आपले काही स्पेक्ट्रम स्पेसएक्सला 1,700 कोटी डॉलरना विकण्याचा करार केला. यापुढच्या दहा वर्षांत या कंपन्यांचे ताळेबंद वाचताना उपग्रह किती आहेत हे नंतर पाहावे. कुठल्या लहरींवर, किती वर्षांचा हक्क आहे, ते आधी. लष्करी कंत्राटे, विमानातले वायफाय, जहाजे, यांतून धंदा चालू राहील, पण नफ्याचे प्रमाण घसरतच जाईल असे मला वाटते, कारण दर स्टारलिंक ठरवणार.

भारतात हाच प्रश्न सरळ सरकारपुढे आला. मोबाइल कंपन्यांचे, विशेषतः जिओचे, म्हणणे होते की आम्ही लिलावात पैसे मोजतो, तर उपग्रहवाल्यांनीही मोजावेत. 2023 च्या दूरसंचार कायद्याने उपग्रहासाठी लिलावाविना वाटपाची वाट धरली. मे 2025 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने महसुलाच्या 4 टक्के आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला 500 रुपये असे शुल्क सुचवले. नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशा जिल्ह्यांतल्या शाळा आणि आरोग्य केंद्रांपर्यंत जोडणी नेण्यासाठी. शुल्कावर बरीच चर्चा झाली, मुदतीवर फारशी नाही. स्टारलिंकला हक्क वीस वर्षांसाठी हवा होता. ट्रायची शिफारस होती पाच वर्षांची, गरज पडल्यास वर दोन.