दुनळी, फासे आणि तितराचं रान

आश्विन सरत आला की कारंजा तालुक्यात, धनजच्या आसपासच्या माळावर गवताचा रंग पालटतो. कुसळी आणि पवन्या पिवळे पडतात, मारवेलीला तांबूस झाक येते. सोयाबीन निघाल्यामुळे शेतं उघडी पडलेली असतात आणि पावसाळ्यात जन्मलेली तितरांची पिल्लं आईबापाएवढी होऊन धुऱ्याधुऱ्याने हिंडू लागतात. सकाळी एका धुऱ्यावर नर ओरडतो, पलीकडच्या धुऱ्यावरून दुसरा त्याला लगेच जाब देतो. पाखरांच्या शिकारीचे दिवस ते हेच. इंग्लंडात फेझंटच्या शिकारीचा हंगाम 1 ऑक्टोबरला उघडतो आणि 1 फेब्रुवारीला मिटतो. पॉइंटर आणि स्पॅनियल जातीची कुत्री, आजोबांच्या वेळची बंदूक आणि गळणाऱ्या पानांचं रान, असा तिकडचा थाट असतो. कारण मात्र दोन्हीकडे एकच. पिल्लं वाढलेली असतात, पीक निघालेलं असतं आणि पाखराला दडायला जागा कमी उरलेली असते.

फेझंटच्या कुळात आपले मोर आणि रानकोंबडे येतात, तितर आणि लावेही येतात. त्यामुळे वऱ्हाडातली तितराची पारध म्हणजे त्या विलायती खेळाचीच चुलत शाखा. ती इथे दोन तऱ्हांनी चाले. एक वाड्यावरची, दुसरी बेड्यावरची. वाड्यावर दुनळी होती, पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, फासे होते.

दुनळीचं आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटपतं. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्यांच्या साहेबांबरोबर छर्ऱ्याच्या बंदुकाही आल्या. आधी ठासणीच्या, मग काडतुसाच्या. हळूहळू देशमुखांच्या आणि मोठ्या पाटलांच्या वाड्यांतही बारा बोअरची दुनळी मानाची वस्तू झाली. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बरोब्बर बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. जुन्या बंदुकांना बाहेरून दोन घोडे असत. ते अंगठ्याने मागे ओढायचे आणि मग चाप दाबायचा. 1875 मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतल्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी घोडे आत दडवणारी रचना काढली. बंदूक मोडून काडतूस भरताना हे घोडे आपोआप ताणले जात. आजही बहुतेक दुनळ्या त्याच तत्त्वावर चालतात. त्याहून जुन्या काही बंदुकांच्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. ती कोरलेली नसते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, एका गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकल्या की ती आपोआप उमटते. अशा नळ्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या होत्या. त्यांत आजचं बिनधुराचं काडतूस घालणं म्हणजे नळी स्वतःच्या तोंडाजवळ फोडून घेणं. घरात अशी जुनी बंदूक असेल, तर ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

साहेबाची शिकार म्हणजे लवाजमा. हाका घालायला माणसं, पाखरं उचलून आणायला कुत्री, मागे डब्याची गाडी. रान कुठलं निवडायचं, तितर कुठे पाणी पितात आणि कुठल्या बाभळीवर रात्र काढतात, हे मात्र साहेबाला ठाऊक नसे. ते सांगणारा माणूस बहुधा पारधी असे. बंदूक साहेबाची आणि अक्कल पारध्याची, हे नातं शेवटपर्यंत टिकलं. शिकारीच्या पुस्तकांतून नाव मात्र साहेबाचंच राहिलं.

फासेपारधी बंदूक वापरत नसत. फासा हेच त्यांचं हत्यार आणि त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. हा फासा नीट पाहण्यासारखा आहे. बांबूच्या वीतभर काड्या, एकीकडून टोकदार केलेल्या. त्या एका लांब दोरीवर ओळीने बांधलेल्या. दोन काड्यांच्या मधोमध सरकगाठीचा एक फास. पाखरांसाठी तो घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, पीळ देऊन वळलेला असे. हरणांसाठी तातीचा, म्हणजे जनावराच्या स्नायूंपासून काढलेल्या धाग्याचा. पुढे नायलॉन आलं आणि केस वळायचं काम मागे पडलं. घोड्याचा केस निवडण्यामागे विचार आहे. तो ताठ असतो, फास उघडा ठेवतो आणि वाऱ्याने आपला आपण मिटत नाही. दवाने भिजला तरी लोंबत नाही. वाळल्या गवतात त्याची सावलीही दिसत नाही. मांडीवर तळहाताने पीळ देत तो वळताना पीळ सारखा पडला पाहिजे, नाहीतर गाठ सरकताना अडते आणि पाखरू डोकं काढून घेतं.

काड्या जमिनीत रोवल्या की धुऱ्याच्या कडेने एक बुटकं कुंपण उभं राहतं. आता पाखराचा स्वभाव पाहा. तितर उडायला नाराज असतो. माणूस दिसला की तो आधी पळतो, वाकून, गवताच्या बुडाबुडाने. अगदी जवळ गेलात तर भर्रकन उठतो, थोडं अंतर कापतो आणि पुन्हा जमिनीवर उतरून पळू लागतो. बंदूकवाल्याला त्याचं ते भर्रकन उठणं हवं असतं, त्यासाठीच कुत्री लागतात. फासेवाल्याला त्याचं पळणं हवं असतं. म्हणून तो घाई करत नाही. लांबून, हळूहळू, गुरं राखायला आल्यासारखा चालत राहतो आणि तितर आपल्याच पायांनी फाशांकडे सरकतात. फट दिसली की मान आत घालतात.

दुसरी रीत पाळलेल्या तितराची. पिल्लापासून वाढवलेला नर पिंजऱ्यातून रानात न्यायचा, फाशांच्या मागे ठेवायचा आणि त्याला ओरडू द्यायचं. रानातल्या नराला आपल्या हद्दीत दुसऱ्याचा आवाज सहन होत नाही. तो तरातरा चालून येतो. तितराच्या नराच्या पायाला अणकुचीदार आर असते, ती या भांडणांसाठीच. पिंजऱ्यातला तितर नसला तर पारधी स्वतः आवाज काढतो. लाव्याची शीळ वेगळी, तितराची हाक वेगळी, मादीचं कुजबुजणं वेगळं. काळविटासाठी तर शिकवलेली गाय असे. ती चरत चरत पुढे सरकायची आणि तिच्या आडोशाने पारधी कळपापर्यंत पोचायचा.

कुत्री घेऊन होणारी शिकार महाराष्ट्रात नव्हती असं नाही. ती दुसऱ्यांकडे होती. कैलाश मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास करून 1983 मध्ये एक फार मोलाची गोष्ट मांडली. तिरमल नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकरामागे जात आणि सायाळ, घोरपड धरत. वैदू मुंगूस, रानमांजर असे लहान प्राणी सापळ्यांत पकडत आणि पाण्यातले जीवही धरत. फासेपारध्यांकडे काळवीट, मोर, तितर, लावा. एकाच मुलखात हिंडणाऱ्या तीन जमाती, पण तिघांची भक्ष्यं आणि साधनं वेगळी. जे फक्त आपल्यालाच पकडायचं आहे ते संपवून चालत नाही, हे ज्याला रोज पोट भरायचं आहे त्याला सहज कळतं. गाभण हरिणी आणि पाडसं फाशात आली तर सोडून द्यायची, हा फासेपारध्यांचा रिवाज या अभ्यासकांनी नोंदवला आहे. साहेबांच्या राज्यातही 1912 च्या कायद्याने बंदीचा हंगाम ठरवून दिला होता. पण बेड्यावरचा रिवाज कागदाविना चालत होता. मला त्याची किंमत जास्त वाटते.

त्या राज्यानेच या लोकांचं जगणं अवघड केलं. 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि पारध्यांच्या कपाळावर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का बसला. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का अजून पुसलेला नाही. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात सुरुवातीला परवाना घेऊन शिकार करण्याची सोय होती, सापळा लावण्याचाही परवाना होता. 1991 च्या दुरुस्तीने ते सगळं गेलं. वाड्यावरच्या माणसाने दुनळी कपाटात ठेवली. शिकार गेली म्हणून त्याची शेती बुडाली नाही. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, एवढंच तिचं काम उरलं. पारध्याचं पोटच फाशावर होतं. कायदा योग्यच होता, आजही आहे. तितर पकडणं गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. पण कायदा करताना पारध्याने उद्या काय खायचं याची तजवीज कुणी केली नाही, हेही तेवढंच खरं.

दरम्यान रानही गेलं. आपल्याकडे गवताळ माळाला पडीक म्हणतात. गावाची ई-क्लास जमीन, म्हणजे गायरान, कुणाचीच नाही अशी समजूत. कुणी नांगर घातला, कुणी अतिक्रमण केलं. कुठे तर चांगल्या हेतूने खड्डे खणून झाडं लावली. झाडं लावलेल्या माळावर तणमोर येत नाही. हा माळढोकाच्या कुळातला लहान पक्षी पावसाळ्यात गवतात जमिनीवर अंडी घालतो. मादीचं लक्ष वेधण्यासाठी नर गवतातून उभाच्या उभा माणसाच्या उंचीएवढा उसळतो, दिवसातून शेकडो वेळा. त्या उसळण्यामुळेच तो साहेबांच्या बंदुकीला सहज सापडे आणि त्याचं मांस त्यांना फार आवडे. ऐन विणीच्या दिवसांत त्याची शिकार झाली. 2021 मध्ये जागतिक यादीत तो अतिधोक्यातल्या पक्ष्यांत गेला. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांतले माळ हे त्याच्या उरल्यासुरल्या घरांपैकी आहेत.

इथे या गोष्टीला वेगळं वळण लागलं. कारंज्याच्या ‘संवेदना’ संस्थेचे कौस्तुभ पांढरीपांडे यांनी फासेपारधी कुटुंबांना बरोबर घेऊन या दोन जिल्ह्यांतले माळ राखण्याचं काम उभं केलं. तणमोर कुठे उतरतो, कुठल्या गवतात मादी बसते, हे शोधायला दुर्बिणीआधी पारध्याचे डोळे उपयोगी पडतात. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य जवळच आहे, पण ते जेमतेम अठरा चौरस किलोमीटरचं. बाकीचं गवत गावांच्या हद्दीत आहे आणि ते बेड्यांनी व ग्रामसभांनी राखलं तरच राहील.

बिहारचे मीरशिकार अली हुसेन यांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पाखरं धरण्याची त्यांची पिढीजात विद्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याच्या कामासाठी वापरली. भरतपुरात त्यांनी असंख्य पक्षी इजा न करता धरले आणि सोडले. क्रौंच पकडण्यासाठी त्यांना अमेरिकेतही बोलावणं आलं. फासा मारण्यासाठीच असतो असं नाही. गाठ कुठे थांबवायची हे कळणाऱ्याच्या हातात तो पाखरू जिवंत धरण्याचं उत्तम साधन आहे.

म्हणून वन विभागाला आणि वाशीमच्या जिल्हा प्रशासनाला आग्रहाने सांगणं आहे. तणमोर, तितर आणि लाव्यांची गणना करताना, कडी घालताना, माळ राखताना पहिली माणसं फासेपारध्यांतून घ्या. वाटाड्याची रोजी देऊन बोळवण करू नका, पगारी नेमणूक द्या, अहवालात त्यांचं नाव छापा. धनज, कारंजा, मानोरा पट्ट्यातल्या ई-क्लासवरचं चांगलं गवत ‘पडीक’ या रकान्यातून काढा आणि त्यावर खड्डे खणू नका. घोड्याचा केस वळता येणारी म्हातारी माणसं बेड्यांवर आता थोडीच उरली आहेत. त्यांच्याकडून शिकायचं असेल तर याच हंगामात शिकून घ्यायला हवं.