वाफ्याला विटा किती?

मोगलांनी नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे बागांचं शहर, म्हटलं; वाफ्याची कड मात्र आपल्यालाच बांधायची आहे. गोल वाफ्याचा व्यास 7 फूट धरा. परीघ 22 फूट, म्हणजे 264 इंच. (शाळेतला 22/7 इथे तरी कामी येतो!) 9 × साडेचार × 3 इंचांची वीट आडवी लांबीला लावली तर 30 पुरतात, उभी गाडून साडेचार इंचांची बाजू वाफ्याकडे केली तर 59. तिरपी, दातेरी कड जुन्या बंगल्यांत दिसते. पंचेचाळीस अंशांत एकीवर एक रेललेली वीट सव्वाचार इंचांची जागा खाते, म्हणून 63. तुटफुटीसाठी दहा टक्के वाढवून 70 मागवा.

भट्टीची वीट क्वचितच मापात असते. दहा विटा हव्या तशा ओळीत मांडून टेप लावा आणि त्याच मापाने भागा. नागमोडी वाफ्याला सूत्र नको. सुतळी वळणावळणाने टाका, मग ताणून मोजा. कंपाउंडच्या भिंतीला टेकलेली बाजू वजा करायला विसरू नका: 12 × 4 फुटांच्या वाफ्याला मग 32 नव्हे, 20 फूटच कड लागते.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि कड कलंडते. म्हणून खाली मुरूम हवाच. वरच्या गोल वाफ्याला 6 इंच रुंद, 3 इंच जाड थर दिला तर पावणेतीन घनफूट. धुमसून बसतो, तेव्हा साडेतीन आणा.