तार जितकी बारीक, नंबर तितका मोठा!

दुकानात जाऊन ‘16 नंबरची जाळी दाखवा’ म्हणा आणि मग ‘22 नंबरची दाखवा’ म्हणा. तुम्हाला वाटेल, 22 नंबरची तार चांगली जाडजूड असणार. पण दुकानदार काढेल ती निघेल जेमतेम 0.7 मिलिमीटर जाडीची! आणि 16 नंबरची? 1.6 मिलिमीटर. हा उलटा हिशेब कुणी केला असेल?

उत्तर शोधायला आपण भनपुरीला जाऊ. छत्तीसगडची राजधानी रायपूर, तिच्या उत्तरेला बिलासपूरच्या रस्त्यावर भनपुरीची औद्योगिक वसाहत आहे. जवळच उरला आणि सिलतरा. थोडं दूर भिलाई, जिथली पहिली झोतभट्टी 1959 मध्ये पेटली. हा सगळा पट्टाच लोखंड-पोलादाचा. कुठे सळया लाटल्या जातात, कुठे तार ओढली जाते.

हो, तार ‘ओढतात’च. शेवया आपण साच्यातून दाबून काढतो, तारेचं बरोबर उलटं. साधारण 5.5 मिलिमीटर जाडीची पोलादी सळी घ्यायची, तिचं टोक निमुळतं करायचं, एका अतिशय कठीण ठोकळ्याच्या भोकातून आरपार घालायचं आणि पलीकडून यंत्राने खेचायचं. या ठोकळ्याला डाय म्हणतात. भोक सळीपेक्षा जरासं लहान, म्हणून सळी बारीक होते आणि लांब होते. मग त्याहून लहान भोक, मग त्याहून लहान. जुन्या काळी तार जितक्या वेळा ओढली असेल, साधारण तितका तिचा नंबर धरत. जास्त वेळा ओढली म्हणजे जास्त बारीक. सुटलं ना कोडं? पुढे 1884 मध्ये ब्रिटनने प्रत्येक नंबरची जाडी कायद्याने ठरवून टाकली. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘गेज’ म्हणतात ते हेच. आणि गंमत पाहा, त्या सळीचा एक मीटरचा तुकडा 22 गेजपर्यंत ओढत नेला, तर त्याची जवळजवळ 60 मीटर तार होते!

आता या तारेच्या जाळीने ज्यांना जपायचं, त्या कोंबड्यांकडे वळू. 1844 मध्ये इंग्लंडमधल्या नॉरविच शहरात चार्ल्स बर्नार्ड नावाच्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने कापड विणायच्या मागावरून कल्पना घेऊन तारेची जाळी विणायचं यंत्र तयार केलं. त्याचे वडील शेतकरी होते, त्यांच्यासाठी ही खटपट. षटकोनी घरांची ती जाळी आज जगभर मिळते. आपण तिला चिकन जाळीच म्हणतो.

पण तिच्यात एक मेख आहे. दोन तारांना पीळ देऊन ही जाळी विणतात. पीळ बसायचा तर तार मऊ हवी आणि बारीकही हवी. कोंबडीला आत ठेवायला ती पुरते, पण भुकेल्या कुत्र्याला बाहेर ठेवायला पुरत नाही. तारेची जाडी निम्मी केली की तिचा ताठपणा निम्मा होत नाही, थेट सोळावा हिस्सा उरतो! म्हणजे एकाच पोलादाची 16 गेजची तार 22 गेजच्या तारेपेक्षा सुमारे 27 पट ताठ. पंज्याने ओढणाऱ्याला, दातांनी ताणणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. म्हणून खुराड्याला वेल्डमेश बरी. तिच्यात उभ्या-आडव्या ताठ तारा प्रत्येक सांध्यावर जोडलेल्या असतात.

जाडीनंतर येतं घराचं माप. इथे आधी विचारायचं, आपल्याकडे चोर कोण? रानमांजर दोन इंची घरातून पंजा आत घालतं. कोंबड्यांना अंधारात फारसं दिसत नाही, त्या जागच्या हलत नाहीत. जाळीला टेकून बसलेली कोंबडी मग आयतीच सापडते. मुंगूस अंग चोरून फटीतून शिरतं. उंदीर तर त्याहून लहान फटीतून शिरतो. आणि साप! सडपातळ साप इंचभर घरातून सहज आत जातो, अंडं गिळतो आणि पोट फुगल्यामुळे परतीच्या वाटेवर अडकतो. मग सकाळी दार उघडणाऱ्याची काय तारांबळ उडत असेल! यांतल्या बहुतेकांना अडवायचं तर अर्ध्या इंचाचीच घरं हवीत, निदान जमिनीपासून कमरेपर्यंत. पिल्लांवर घार झडप घालते, उदमांजर चढण्यात पटाईत, म्हणून वरूनही जाळी लागतेच.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती जमिनीवरची युक्ती. उकरणारा प्राणी नेमका कुंपणाच्या पायाशी उकरतो. चार पावलं मागे जाऊन भुयार खणावं, हे त्याला सुचत नाही. म्हणून जाळीचा खालचा दीड फूट भाग बाहेरच्या बाजूला आडवा वळवायचा आणि वर माती पसरायची. तो उकरायला लागतो, नखांना तार लागते. तो जागा बदलतो, पण कुंपणाला धरूनच, आणि तिथेही तारच. या उपायात कुणाला इजा होत नाही, हे मला मोलाचं वाटतं. मुंगूस, रानमांजर, नाग यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय शेतातले उंदीर तेच खातात.

जाळी घेताना सांधे जवळून बघा. तारेवर जस्ताचा थर असतो. गंज चढायची वेळ आली की आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं, अगदी बारीक ओरखडा पडला तरीही. पण जस्त लावलेली तार नंतर वेल्ड केली, तर सांध्यावरचं जस्त उष्णतेने उडून जातं. मग पावसाळ्यात, कोंबड्यांच्या ओल्या विष्ठेशेजारी, पहिला तांबूस ठिपका तिथेच उमटतो. आधी वेल्ड करून मग अख्खी जाळी वितळलेल्या जस्तात बुडवलेली असेल, तर सांधेही जस्ताने भरलेले दिसतात. किंमत जास्त पडते, पण टिकते.

आता गेज घरीच मोजायचं का? मोठ्यांकडून तारेचा सुटा तुकडा मागून घ्या, टोकं टोचतात तेवढी सांभाळा. पेन्सिलीवर एकमेकांना चिकटून दहा वेढे घ्या आणि वेढ्यांची एकूण रुंदी पट्टीने मोजा. 7 मिलिमीटर भरली तर तार 22 गेजची, 9 भरली तर 20, 12 भरली तर 18. आणि 16 गेजची असेल तर पेन्सिलीवर वेढे घेतानाच बोटं दुखायला लागतील!