बदलत्या हवामानातील दैनंदिन सायकलप्रवास आणि पोशाखाची निवड : पुणे शहराच्या संदर्भात

सारांश :
कामाच्या ठिकाणी सायकलने जाणाऱ्या व्यक्तीने कोणता पोशाख करावा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि सायकलचा वापर चालू राहतो की पहिल्याच पावसाळ्यात थांबतो, हे बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. प्रस्तुत लेखात पुण्याच्या हवामानाच्या संदर्भात शरीरात निर्माण होणारी उष्णता, कापडाचे गुणधर्म आणि रस्त्यावरील सुरक्षितता या तीन अंगांनी या प्रश्नाचा विचार करण्यात आला आहे.

प्रस्तावना :
स्वातंत्र्योत्तर काळात पुण्याची ओळख ‘सायकलींचे शहर’ अशी होती. विद्यार्थी, कारकून, कामगार आणि प्राध्यापक हे सर्वच सायकल वापरीत. १९७० च्या दशकापासून मोपेड व स्कूटर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या आणि सायकल हळूहळू मागे पडली. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या वहनाला प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारून सायकल व पायी चालणे यांना पुन्हा महत्त्व दिले. पुणे महानगरपालिकेनेही २०१७ मध्ये शहराच्या सायकल आराखड्यास मान्यता दिली. मात्र धोरणातून मार्ग तयार झाले तरी त्या मार्गावरून रोज जाणाऱ्या व्यक्तीला सकाळी आठच्या तासिकेला कोरड्या आणि नीटनेटक्या कपड्यांत वर्गात उभे राहावयाचे असते. ही साधी गरज भागली नाही, तर उत्साहाने घेतलेली सायकल जुलै महिन्यात जिन्याखाली जाऊन बसते.

या विषयावरील उपलब्ध मार्गदर्शन प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत तयार झाले आहे. ते जसेच्या तसे स्वीकारल्यास दख्खनच्या हवामानात फसगत होण्याची शक्यता असते. म्हणून तत्त्वे समजून घेऊन निवड स्थानिक परिस्थितीनुसार करणे आवश्यक ठरते.

पुण्याचे हवामान : बदलाचे तीन प्रकार
समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरहून थोडा अधिक पाऊस पडतो. पश्चिमेस घाटमाथ्यावरील लोणावळ्यात हेच प्रमाण चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. सायकलस्वाराच्या दृष्टीने येथील हवामानातील बदल तीन प्रकारचे आहेत. पहिला बदल दिवसभरातील आहे. हिवाळ्यात पहाटे दहा-अकरा अंशांपर्यंत उतरलेले तापमान दुपारी तीस अंशांच्या आसपास पोहोचते. दुसरा बदल आकस्मिक असतो. एप्रिल-मे मधील वळीव आणि ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर, म्हणजे नेमका घरी परतण्याच्या वेळी, विजांसह कोसळतो. तिसरा बदल पावसाळ्यातील उघडझापीचा होय. जुलै-ऑगस्टमध्ये येथे पाऊस मुंबईसारखा धो धो पडण्यापेक्षा रिमझिम स्वरूपात येतो आणि जातो, हवा मात्र सतत दमट राहते.

शरीराची उष्णता आणि घाम
मानवी स्नायूंची यांत्रिक कार्यक्षमता साधारणतः २० ते २५ टक्के असते. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने साधी सायकल चालविण्यासाठी सुमारे ६० वॅट शक्ती लागते असे मानल्यास, त्या कामापोटी शरीरात १८० ते २४० वॅट अतिरिक्त उष्णता निर्माण होते. ही उष्णता बाहेर टाकण्याचे उष्ण हवेतील मुख्य साधन म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लीटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाल्यास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शरीरातून निघून जाते. येथे ‘बाष्पीभवन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. केवळ निथळून गेलेला घाम शरीर थंड करीत नाही.

वेगाचा परिणामही लक्षात घेण्याजोगा आहे. हवेच्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग थोडा वाढविला तरी शरीरातील उष्णता बरीच वाढते. कोणतेही महागडे कापड देऊ शकणार नाही एवढा कोरडेपणा दहा मिनिटे लवकर निघून सावकाश सायकल चालविल्याने मिळतो. पोशाखाच्या निवडीची सुरुवात खरे तर घड्याळापासून होते.

कापडाचे गुणधर्म
प्रमाणित परिस्थितीत, म्हणजे ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत, कोरड्या वजनाच्या तुलनेत सूत सुमारे ८ टक्के, लोकर सुमारे १६ टक्के, नायलॉन ४ टक्के, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा धारण करते. या आकड्यांतून प्रत्येक कापडाचा उपयोग स्पष्ट होतो.

सुती कापड घाम शोषून घेते आणि कोरड्या उन्हाळ्यात त्या ओलाव्याच्या बाष्पीभवनामुळे सुखद गारवाही देते. म्हणून एप्रिलमधील दुपारी सैल सुती सदरा योग्यच ठरतो. तोच सदरा पावसाळ्यात एकदा भिजला की दिवसभर वाळत नाही आणि अंगाला चिकटून राहतो. पॉलिएस्टर पाणी धरून ठेवीत नसल्याने लवकर वाळते, मात्र त्यात घामाचा वास अधिक टिकतो. त्यामुळे ते रोज धुणे भाग पडते. लोकर ओली झाली तरी तिच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ऊब पूर्णपणे नाहीशी होत नाही. धनगर समाजाने पावसाळ्यात घोंगडीचा वापर पिढ्यान् पिढ्या केला, त्यामागे हाच गुणधर्म आहे.

पावसापासून संरक्षण : रेनकोटची मर्यादा
चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये रबराचा थर असलेल्या जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. तेव्हापासून एक अडचण कायम राहिली. जे कापड बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, ते आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. १९६९ मध्ये शोध लागलेल्या आणि पुढे ‘गोरटेक्स’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मछिद्री पटलाने ही अडचण काही प्रमाणात दूर केली. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा फार लहान, परंतु वाफेच्या रेणूपेक्षा मोठी असतात.

तथापि वाफ बाहेर पडते ती आतील व बाहेरील बाष्पदाबाच्या फरकामुळे. त्वचेचे तापमान ३४ अंश धरल्यास तेथील संपृक्त बाष्पदाब सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. युरोपातील ८ अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या दिवशी बाहेरील बाष्पदाब ०.९ किलोपास्कलच्या जवळपास, म्हणजे फरक सुमारे ४.४ किलोपास्कल असतो. पुण्यातील जुलै महिन्यात २४ अंश तापमान व ९० टक्के आर्द्रता असताना बाहेरील बाष्पदाब २.७ किलोपास्कलपर्यंत जातो आणि फरक केवळ २.६ किलोपास्कल उरतो. या सोप्या हिशेबानुसार तेच जॅकेट येथे वाफ बाहेर टाकण्याचे काम सुमारे ६० टक्क्यांइतकेच करू शकेल. दरम्यान घाम मात्र अधिक येत असतो. पावसात पूर्ण बंद रेनकोट घालून चढ चढणारी व्यक्ती बाहेरून नव्हे तर आतून भिजते, याचे कारण हेच होय.

या स्थितीत कापडातील छिद्रांपेक्षा पोशाखाची ठेवण अधिक उपयोगी पडते. मावळात आणि कोकणात भातलावणी करताना वापरले जाणारे इरले हे याचे उत्तम उदाहरण आहे. ते वरून पाऊस अडविते आणि खालून पूर्ण मोकळे असते, त्यामुळे वाकून काम करणाऱ्याच्या पाठीवरून हवा खेळती राहते. सायकलसाठी रेनकोट निवडताना काखेत वा पाठीवर झडपा, सैल बाह्या आणि समोर वर-खाली उघडता येणारी चेन आहे काय, हे पाहावे. पोंचो हवेशीर असतो, पण वाऱ्यात शिडासारखा फुगतो, हाताचा इशारा झाकतो आणि त्याची कड चाकात अडकू शकते. म्हणून तो संथ रिमझिमीपुरताच वापरणे हिताचे आहे. रेनकोटची टोपी मानेबरोबर वळत नसल्यास मागून येणारे वाहन दिसत नाही. तिच्याऐवजी पुढे झापड असलेली टोपी घातल्यास चष्म्यावर येणारे पाणीही कमी होते.

अंतर कमी असेल तर आणखी एक मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. चटकन वाळणारी अर्धी विजार व टी-शर्ट घालून, पावसात भिजणे गृहीत धरूनच प्रवास करावा आणि कामाचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कॅरिअरवर न्यावेत. पाठीवरील पिशवीखाली घाम साचतो, म्हणूनही कॅरिअर श्रेयस्कर. दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड व साखळीवर आच्छादन असल्यास चिखलाचा प्रश्न पोशाखापर्यंत पोहोचतच नाही.

हिवाळी सकाळ
ताशी १५ किलोमीटर वेगामुळे १० अंश तापमान सुमारे ८ अंशांइतके भासते. हा फरक मोठा नसला तरी हाताची बोटे, कान आणि छाती यांना तो जाणवतो. जाड स्वेटर घालून निघालेली व्यक्ती तिसऱ्या किलोमीटरवर घामाघूम होते आणि तो घाम पुढे थंड पडतो. त्याऐवजी नेहमीच्या सदऱ्यावर वारा अडविणारे पातळ विंडचीटर, हातमोजे आणि कानटोपी पुरेशी होतात. निघताना किंचित थंडी वाजत असेल, तर पोशाख योग्य आहे असे समजावे. दुपारी हे सारे घडी करून पिशवीत मावले पाहिजे.

पोशाख आणि सुरक्षितता
येथवरचा विचार सोयीचा होता. यापुढील मुद्दा जिवाशी निगडित आहे. ओढणी, साडीचा पदर किंवा सैल पायजमा चाकात अथवा साखळीत अडकल्यास सायकलस्वार क्षणात रस्त्यावर फेकला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटारसायकलच्या मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन बंधनकारक आहे. सायकल मोटार वाहनात मोडत नसल्याने ही तरतूद तिला लागू होत नाही. ती काळजी खरेदी करणाऱ्याने स्वतः घ्यावयाची असते. साडी नेसून सायकल चालविणाऱ्या अध्यापिकांसाठी उतरत्या दांड्याची सायकल, मागील चाकावरील जाळी आणि साखळीचे पूर्ण आच्छादन यांना पर्याय नाही. ओढणी मागे न सोडता कमरेशी बांधावी आणि पायजम्याच्या उजव्या पायास पट्टी लावावी.

दुसरा मुद्दा दिसण्याचा आहे. पावसाळी संध्याकाळी करडा किंवा काळा रेनकोट रस्त्याच्या रंगात मिसळून जातो. प्रस्फुरक पिवळा किंवा नारिंगी रंग दिवसा व संधिप्रकाशात उठून दिसतो, कारण तो सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. रात्री मात्र त्याचा विशेष लाभ नसतो. तेव्हा वाहनाचा प्रकाश चालकाकडे परत पाठविणाऱ्या परावर्तक पट्ट्या लागतात. त्या घोट्यांवर लावल्यास पायांच्या वर-खाली हालचालीमुळे समोर माणूस आहे हे चालकाच्या लवकर लक्षात येते. डेन्मार्कमध्ये सुमारे ६,८०० सायकलस्वारांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिवळे जॅकेट वापरणाऱ्या गटात इजा होणारे अपघात ४७ टक्क्यांनी कमी आढळले. अपघातांची नोंद सहभागींनी स्वतः केलेली असल्याने संभाव्य दोष वजा करता हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आले. तेथील शिस्तबद्ध रस्ते व येथील मिश्र वाहतूक यांत अंतर असले, तरी या निष्कर्षाची दिशा दुर्लक्ष करण्यासारखी नाही. अर्थात जॅकेट हा दिव्याला पर्याय नव्हे.

संस्थेची भूमिका
पोशाखाचा प्रश्न संपूर्णपणे व्यक्तीवर सोपविणे न्याय्य नाही. महाविद्यालयात छपराचा सायकलतळ, कपडे बदलण्यासाठी स्त्री-पुरुषांकरिता स्वतंत्र लहान खोल्या, ओले रेनकोट टांगण्यासाठी खुंट्या आणि शिक्षकांना एक-एक कुलूपबंद कप्पा एवढी व्यवस्था फारशा खर्चाशिवाय होऊ शकते. कप्प्यात कायम ठेवलेला कपड्यांचा एक कोरडा जोड आणि पादत्राणे ही वळिवाच्या दिवशी सर्वांत उपयोगी ठरतात. जेथे अध्यापिकांनी साडीच नेसावी असा संकेत आहे, तेथे त्या संकेताचा फेरविचारही सायकल-धोरणाचा भाग मानावा लागेल.

निष्कर्ष :
१. पुण्यासारख्या हवामानात सायकलस्वाराला पावसाइतकाच, किंबहुना अधिक, घामाचा विचार करावा लागतो.
२. महागड्या वाफपारगम्य कापडापेक्षा मोकळी ठेवण, मंद वेग आणि बरोबर नेलेले कोरडे कपडे दमट हवेत अधिक उपयुक्त ठरतात.
३. पातळ, घडी होणारे आणि सहज काढता-घालता येणारे कपडे दिवसभरातील तापमानबदलास पुरे पडतात.
४. मोकळी टोके बांधणे, चाक व साखळी झाकणे आणि दिसेल असा रंग वापरणे या बाबी ऐच्छिक न मानता अनिवार्य मानाव्यात.
५. संस्थेने किमान सुविधा दिल्यास सायकल हा केवळ निग्रही व्यक्तींचा छंद न राहता सर्वसामान्य अध्यापकाचे नित्याचे वाहन होऊ शकेल.